टेक्निकल डायव्हिंग कशाले म्हणतात: सही करायच्या आधी कागदात काय पाहायचं

आपल्या भंडारा-गोंदियाकडचे पोट्टे लहानपणापासून बोडीत नाहीतर तलावात डुबक्या मारतात, त्यातले काही आता अंदमान-गोव्याले स्कूबाच्या कामावर जाऊन राहिले, काही धरणाच्या ठेकेदाराकडं. विम्याचा कागद येते इंग्रजीत, अन् पोट्टे शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळे. त्यात "टेक्निकल डायव्हिंग कव्हर नाही" असं एखादं वाक्य असू शकते अन् मग क्लेम तिथंच अडकते.

पहिले डेफिनिशन्सचं पान काढा. टेक्निकलची व्याख्या तिथं असंल तर तीच धरतात, इन्स्ट्रक्टर तोंडानं काय बोलला त्याले काही किंमत नाही. नसंल तर ईमेलवर लिहून मागा, फोनवर नाही. बहुतेक करून पाहतात ते असं: 40 मीटरच्या खाली गेला का, वर येताना डीकम्प्रेशनचे थांबे, म्हणजे अंगात मुरलेला गॅस निघायले मधात थांबणं, घ्यावेच लागतात का (सरळ वर येता येत नसंल तर तो साधा डाइव्ह राहत नाही), डोक्यावर छत आहे का म्हणजे गुहा किंवा बुडालेल्या जहाजाच्या आत, अन् श्वासाचा गॅस कोणता. हेलियमवालं ट्रायमिक्स टेक्निकलमध्येच जाते, 40 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजनचं नायट्रॉक्स सहसा साध्यात धरतात. रीब्रीदर (सोडलेला श्वास साफ करून परत वापरणारं यंत्र) वापरणार असाल तर त्याचं नाव घेऊनच विचारा.

आता खरी मेख. ओपन वॉटरचं (स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं) कार्ड 18 मीटरचं असते. तुम्ही 25 वर गेले तर ते काही टेक्निकल झालं नाही, पण पॉलिसीत "आपल्या सर्टिफिकेशनच्या मर्यादेत" असं लिहिलं असंल तरी अडचण तीच. म्हणून फक्त टेक्निकल हा शब्द शोधत बसू नका.

घरची मेडिक्लेम आहे नं, म्हणून निवांत राहू नका बावा. आयआरडीएआयनं (देशाच्या विमा नियामकानं) ठरवून दिलेल्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे काय कव्हर नाही त्या यादीत, 09 नंबर पाहा, त्यात स्कूबा अन् डीप-सी डायव्हिंग नावानिशी आहे, पण "प्रोफेशनल म्हणून" भाग घेतला तर. फिरायले गेलेला अन् पगार घेऊन पर्यटकाले पाण्यात नेणारा, यात सगळा फरक पडते.

अन् गोसेखुर्दसारख्या धरणाच्या गेटचं काम असंल तर खोली दहाच मीटर का असंना, ते कमर्शियल डायव्हिंग झालं. हौशी स्कूबाची पॉलिसी तिथं धरू नका. गेटच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या दाबात फरक असला की फटीकडं माणूस ओढल्या जाते, अन् ती ओढ हातापायानं सुटत नाही. ठेकेदाराले सरळ विचारा, कामगारांचा विमा कोणता, त्यात "अंडरवॉटर वर्क" लिहून आहे का, त्याची कॉपी द्या. टाळून राहिला तर उतरू नका, काऊन उतरायचं?

कंपनीकडं कस्टमर इन्फर्मेशन शीट (पॉलिसीचा सोपा सारांश) मराठीतून मागता येते, मागा. नवीन पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस ती परत करता येते, एक वर्षाची असंल तरी. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, फी नाही, 50 लाखांपर्यंत चालते. फक्त पॉलिसी बाहेरदेशच्या कंपनीची असंल तर आपला लोकपाल तिथं काही करू शकत नाही, तेव्हा घेतानाच पाहून घ्या.