विंडोज ११ टाकल्यावर गेम अडकतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्याकडे कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात गेम खेळणाऱ्या पोरांची एकच तक्रार ऐकतोय, विंडोज ११ टाकलं आणि गेमची वाट लागली. दुकानात नेलं की फॉरमॅट मारूया नाहीतर रॅम वाढवा. माझं म्हणणं एवढंच की खिशात हात घालायच्या आधी घरीच तपासा, क्रमाने तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, चार सेटिंग एकदम फिरवल्यात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

सुरुवात मोजण्यापासून करा. विंडोजचं बटण आणि जी एकत्र दाबलं की गेम बार उघडतो, त्यातल्या परफॉर्मन्समध्ये एफपीएस, म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा, दिसतात (पहिल्यांदा परवानगी मागेल, ती द्या). गेममधली एक ठरावीक जागा धरा, तिथे किती एफपीएस येतात ते वहीत लिहा, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच जागी जाऊन परत बघा. अपग्रेड कालच झालं असेल तर मात्र थोडं थांबा, कारण मागे अपडेट आणि फाइलींचं इंडेक्सिंग (शोधायला सोपं जावं म्हणून यादी करणं) चालू असतं, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट असेल तर हे काम दिवसेंदिवस रेंगाळतं. टास्क मॅनेजरमध्ये गेम बंद असताना प्रोसेसर आणि डिस्क शांत दिसली की मगच पुढे.

आता ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर. बहुतेकांची गाडी इथेच अडकलेली असते. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये तुमच्या कार्डाच्या नावाऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर लिहिलेलं असेल तर कार्डाचा ड्रायव्हरच नाहीये. नाव बरोबर असलं तरी अपग्रेडमध्ये जुना ड्रायव्हर बसलेला असू शकतो, म्हणून एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल जे असेल त्यांच्या साइटवरूनच नवा घ्या. फाइल काहीशे एमबीची असते, तेव्हा चांगलं वायफाय असेल तिथे उतरवून पेन ड्राइव्हवर आणलेली बरी. एनव्हिडियाचा टाकताना कस्टममध्ये जाऊन क्लीन इन्स्टॉलवर टिक करा. नवीन ड्रायव्हरनंतर गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) परत तयार करतात त्यामुळे पहिली काही मिनिटं झटके बसतील, त्यावरून निकाल लावू नका.

लॅपटॉपवाल्यांनी पुढचं नीट वाचा. लॅपटॉपमध्ये बरेचदा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं साधं आणि एक खरं गेमिंगचं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये बघा. आमच्या वाडीतल्या एका पोराच्या लॅपटॉपवर जीपीयू ० म्हणजे इंटेलवालं ९८ टक्क्यांवर घाम गाळत होतं आणि जीपीयू १, ज्याचे त्याच्या बाबांनी पैसे मोजले होते, ते शून्यावर गप्प बसलेलं. असं दिसलं तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन तो गेम निवडा आणि हाय परफॉर्मन्स करा. तिथेच ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, बघून घ्या, १४४ हर्ट्‌झचा स्क्रीन ६० वर आला असेल तर एफपीएस भरपूर असूनही गेम जड वाटतो. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा आणि चार्जर लावूनच खेळा, लाइट जाऊन लॅपटॉप बॅटरीवर आला की कार्डाचा वेग पडतोच, तो दोष विंडोजचा नाही.

एवढं करूनही एफपीएस कमीच असतील तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे मेमरी इंटिग्रिटी बघा. कोरं विंडोज ११ टाकलेल्या मशीनवर हे बहुतेक चालू असतं. ते सुरक्षेसाठी आहे आणि चांगलंच आहे, पण गेमचा वेग खातं, किती खातं ते प्रोसेसरवर आणि गेमवर आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलंय की खेळताना बंद करा आणि झालं की परत चालू करा. दर वेळी रिस्टार्ट लागतो, कंटाळा येतो, तरी ज्या मशीनवर घरातली बँकेची कामं होतात तिथे ते कायमचं बंद ठेवू नका, फरक दोन-चार एफपीएसचाच असेल तर हातच लावू नका. आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) किंवा सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) अजिबात बंद करायचं नाही, विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम त्यांच्याशिवाय चालतच नाही.

डेस्कटॉपवर टीपीएम चालू करायला कुणी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं असेल तर रॅमचा एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, बरेचदा बंद झालेला असतो आणि रॅम कमी वेगाने पळते. बायोसमध्ये जाऊन तो परत चालू करा. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल आणि अधूनमधून क्षणभर सगळंच थिजत असेल तर ती एफटीपीएमची (प्रोसेसरमध्येच असलेल्या टीपीएमची) जुनी भानगड असू शकते, एएमडीने २०२२ मध्ये ती मान्य करून बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली होती. पण पावसाळ्यात आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, यूपीएस नसेल तर बायोस अपडेटच्या वाटेला जाऊ नका, मध्येच लाइट गेली तर मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो.

सगळं करून जमलंच नाही तर अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीमध्ये गो बॅक असतं. तोवर डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजच्या फाइली उडवू नका, त्या गेल्या की हा रस्ता बंद. आणि मागे गेलात तर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवल्याशिवाय त्या मशीनवर पैशांचे व्यवहार करू नका.