नागपुरात बटाट्यावर एमएस्सी करताय? आधी कॅलेंडर बघा

महाराजबागेजवळच्या आपल्या कृषी महाविद्यालयात एमएस्सीला आलेल्यांपैकी कोणी ना कोणी 'जिवाणू, नॅनोकण आणि बटाटा' असा विषय घेऊन गाईडकडे जातं. मीही तोच घेतला होता. विषय चांगलाच आहे, पण त्याचं वेळापत्रक फार कडक.

आपल्याकडे बटाटा रब्बीतच. रात्री गारवा आल्याशिवाय कंद धरत नाही, म्हणून लागवड नोव्हेंबरात आणि काढणी फेब्रुवारीत. दोन वर्षांत मिळून हंगाम दोनच, त्यातला पहिला बहुतेकांचा कोर्सवर्कमध्ये जातो. शीतगृहातलं बेणं आणल्या आणल्या लावायचं नसतं. आठ-दहा दिवस सावलीत पसरून ठेवायचं, डोळ्यांतून आखूड, जाड कोंब आले की मग सरी-वरंब्यावर. म्हणजे बेण्याची सोय दसऱ्यापर्यंत झालेली हवी. दिवाळीला घरी जायचं तर प्लॉट कोण बघेल, तेही ठरवून ठेवा.

नवं वाण काढायचं मनात असेल तर नागपूर ती जागा नव्हे. बटाटा लांब दिवसात, थंड हवेत नीट फुलतो. म्हणून सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था कुफरीच्या डोंगरात संकर करते आणि वाणांच्या नावांत 'कुफरी' येतं. इथे तयार वाणांची तुलना करता येते. त्यात कुफरी सूर्या जरूर घ्या, तो उष्णता सोसतो.

जिवाणूंचं काम पावसाळ्यातच उरका. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू पिकोव्हस्काया माध्यमावर, म्हणजे प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी वापरतात त्या खाद्यावर, वाढवले की प्लेटमधल्या दुधाळ आगरात (जेलीत) जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्वच्छ वलय उमटतं. छान दिसतं, फोटोही निघतात. पण आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. जिवाणूनं सोडलेलं आम्ल तिथला चुनाच आधी संपवतो, आणि प्लेटवरचा वाघ शेतात मांजर होतो. म्हणून प्लॉटचीच माती, निर्जंतुक न करता, कुंडीत भरून पारखा.

नॅनो झिंक ऑक्साइड (जस्ताच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण) वापरणार असाल तर शेजारी साधी झिंक ऑक्साइड पावडर आणि झिंक सल्फेट हवेच, तिन्हींत जस्त सारखं. नाहीतर फरक जस्तामुळे पडला की कणांच्या आकारामुळे, हे परीक्षकांना काय सांगणार? हे कण पाण्यात गोळा होतात, तेव्हा फवारणीआधी सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्रावर) ठेवा. शिवाय जस्ताचे हेच कण जिवाणूंना मारकही ठरतात. दोन्ही एकत्र द्यायचे असतील तर त्या मात्रेत तुमचा जिवाणू जगतो का, ते आधी प्लेटवर बघा. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) 'एकत्रित परिणाम' लिहिणारे बहुतेक जण नेमकं हेच गाळतात.

फेब्रुवारीत हरभऱ्याची काढणी सुरू असते, मजूर आधीच सांगून ठेवा. आणि कंद धुऊन, सुकवूनच तोला; काळी माती अशी चिकटते की तीही उत्पादनात धरली जाते.