सही झाल्यानंतर करारातील अटी बदलताना या चुका टाळा

एका साठेखतात, म्हणजे पुढे खरेदीखत करण्याच्या करारात, खरेदीखताची मुदत ‘तीन महिने’ अशी टंकलिखित होती आणि ‘तीन’वर आडवी रेघ मारून वर निळ्या शाईने ‘सहा’ लिहिलेले होते. पानाच्या तळाशी दोघांच्याही सह्या होत्या, परंतु त्या खाडाखोडीशेजारी ना कोणाची आद्याक्षरे होती, ना तारीख. हा बदल लिहून देणाऱ्याच्या (विक्रेत्याच्या) संमतीनेच झाला, असे लिहून घेणाऱ्याचे (खरेदीदाराचे) म्हणणे होते. लिहून देणाऱ्याच्या प्रतीत मात्र ‘तीन’च होते.

अशी खाडाखोड ही पहिली चूक. दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून कोणी करारात महत्त्वाचा बदल केला, तर त्या कागदाच्या आधारे हक्क मागणे त्यालाच अवघड होऊन बसते. सहीपूर्वी दुरुस्ती करावीच लागली, तर प्रत्येक प्रतीत, त्या जागेशेजारीच, सर्वांनी सह्या कराव्यात. सही झाल्यानंतर मूळ कागदाला हात न लावता पुरवणी करार करावा. त्यात मूळ कराराची तारीख, नोंदणी झाली असल्यास दस्त क्रमांक, कोणते कलम बदलले, जुना मजकूर, नवा मजकूर, बदल कधीपासून लागू आणि बाकीच्या अटी कायम राहतील की नाही, हे सर्व स्पष्ट लिहावे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक तोंडी बदलाची आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ नुसार दोन्ही पक्षांच्या सहमतीने करार बदलता येतो, हे खरे. परंतु बदल करता येणे वेगळे आणि तो न्यायालयात सिद्ध करता येणे वेगळे. एखादा करार लेखीच हवा असे कायद्याचे बंधन असेल किंवा तो नोंदणीकृत असेल, तर त्यात नंतर तोंडी बदल झाला असा पुरावा देता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये असलेला हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ मध्ये आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एस. शक्तिवेल प्रकरणात तो नोंदणीकृत दस्ताला स्पष्टपणे लावला आहे.

महाराष्ट्रात याची झळ भाड्याच्या घरांना बसते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडे चुकीचा आहे, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. म्हणून ‘पुढच्या महिन्यापासून दोन हजार कमी द्या’ हे दारात उभ्याने झालेले बोलणे वाद उभा राहिल्यावर टिकत नाही. त्या त्या महिन्याची रक्कम घेताना ‘पूर्ण शुल्क पोहोचले’ अशी पावती मालकाने दिली, तर करार कायद्याच्या कलम ६३ खाली उरलेली रक्कम सोडून दिल्याचे दाखवता येते. परंतु पुढील महिन्यांचा दर बदलायचा असेल, तर नोंदणीकृत पुरवणी करारच करावा.

रंगकाम किंवा मालपुरवठ्यासारख्या नोंदणी नसलेल्या करारांत व्हॉट्सॲपवरील संदेश उपयोगी पडतात. ‘ठीक आहे’ एवढ्यावर मात्र थांबू नये. कोणती अट, किती रक्कम आणि कोणती तारीख मान्य आहे, हे त्या संदेशातच लिहून घ्यावे आणि मूळ फोन जपून ठेवावा.

गप्प राहणे म्हणजे संमती असे घर बांधणाऱ्या विकासकाच्या पत्रात लिहिलेले असले, तरी ते मान्य करू नये आणि हरकत लेखी पाठवावी. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, याच्या कलम १४ प्रमाणे किरकोळ किंवा तांत्रिक कारणाने आवश्यक बदल सोडले, तर तुमच्या सदनिकेच्या मंजूर नकाशात बदल करण्यास तुमची पूर्वसंमती लागते, आणि इमारतीच्या नकाशात किंवा सामाईक जागांत बदल करण्यास किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती लागते.

कर्जाचा हप्ता किंवा मुदत बदलताना जामीनदाराला विसरणे ही चूक धनकोला महागात पडते. करार कायद्याच्या कलम १३३ नुसार जामीनदाराच्या संमतीवाचून अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. म्हणून पुरवणी करारावर त्याचीही सही घ्यावी.