पुळणीवर निघण्याआधी

मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) घेऊन जुनी नाणी-अंगठ्या शोधायला पुळणीवर जायची माझी तयारी स्वयंपाकघरात सुरू होते. ओट्याच्या कोपऱ्यात झाकणाची डबी आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली आधी काढून ठेवायची, यंत्राची बॅटरी त्यानंतर. उलटं वाटेल, पण शंभर वर्षांत समुद्राला जे जमलं नाही, ते नुकसान आपण घरी आल्यावर पाच मिनिटांत करतो. मी केलंय. इंग्लंडातल्या पहिल्याच हिवाळ्यात सापडलेला १९१६चा शिलिंग, म्हणजे जुनं ब्रिटिश चांदीचं नाणं, मी उत्साहाच्या भरात भांडी घासायच्या पावडरीने चोळला. नाणं लखलखलं आणि पंचम जॉर्जची दाढी गेली.

आदल्या रात्री भरतीचा तक्ता बघा. आमच्या कोकणात तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता. हा हिशेब इथे चालत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथ-पूलकडे तर एकाच भरतीत पाणी दोनदा चढतं, त्यामुळे छापील तक्त्याला पर्याय नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची ओहोटी मिळते आणि एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो. ओहोटीच्या दोन तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्याच्या मागे मागे जायचं आणि पाणी वळलं की आपणही वळायचं. पश्चिमेला वेस्टन-सुपर-मेअरला जाणार असाल तर जास्त जपा. तिथे पाणी फार लांब मागे जातं आणि खालच्या चिखलात पाय रुतला तर एकट्याने निघणं अवघड. वादळानंतरचा दिवस मिळाला तर रजा टाका. लाटांनी वरची वाळू ओढून नेलेली असते आणि जड वस्तू खालच्या घट्ट थरावर उरतात.

किनारा कोणाचा, हेही निघण्याआधी कळायला हवं. क्राउन इस्टेटच्या (राजघराण्याच्या नावावरच्या मालमत्तेच्या) भरती-ओहोटीच्या पट्ट्यात छंद म्हणून शोधायला वेगळा परवाना लागत नाही, पण बरेच किनारे नगरपालिकेचे किंवा खासगी असतात, तिथे विचारावं लागतं. वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या जागेवर यंत्र नेऊच नका. तीनशे वर्षांहून जुनी चांदीची अंगठी किंवा बक्कल सापडलं तर १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे (सापडलेल्या खजिन्याचा कायदा) १४ दिवसांत कॉरोनर या स्थानिक अधिकाऱ्याला कळवायचं. बुडालेल्या जहाजाची वस्तू असेल तर रिसीव्हर ऑफ रेक या बुडीत जहाजांच्या मालाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला २८ दिवसांत. आपल्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरचा (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचा) नंबर फोनमध्ये असू द्या, अर्ध्या शंका तिथेच फिटतात.

पिशवीत लांब दांड्याचं जाळीदार फावडं, पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे ते दाखवणारा छोटा डिटेक्टर), हेडफोन, हातमोजे (गळ बोटात शिरतात), प्यायचं पाणी. दोन थैल्या, त्यातली मोठी कचऱ्यासाठी. कॅनच्या कड्या नाण्यांपेक्षा नेहमीच जास्त निघतात आणि त्या परत वाळूत टाकणाऱ्यांचा मला राग येतो. गंजलेला लांबट लोखंडी तुकडा बॉम्बसारखा दिसला तर हात न लावता लांब व्हा आणि ९९९ला फोन करून कोस्टगार्ड मागा. महायुद्धातला दारूगोळा या किनाऱ्यांवर अजून निघतो.

यंत्राबद्दल थोडंच. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहते, म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिथे उगाच किरकिर करतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं (मल्टी-फ्रिक्वेन्सी) किंवा थांबून थांबून विजेचे ठोके सोडणारं (पल्स इंडक्शन) यंत्र बरं. सेन्सिटिव्हिटी कमीच ठेवा.

आता ती डबी. घरी आल्यावर नाणं नळाखाली नुसतं धुवायचं, चोळायचं नाही. वाळूचा एक कण बोटाखाली आला तरी ओरखडा पडतो. मग डबीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचं आणि रोज पाणी बदलत चार-पाच दिवस आतलं मीठ निघू द्यायचं. चिकटलेली वाळू भिजली की लाकडी काडीने अलगद सुटते. घरातल्या पैंजणांवर चढतो तो काळेपणा म्हणजे गंधकाशी झालेला संयोग, सिल्व्हर सल्फाइड. समुद्रातल्या चांदीवर बऱ्याचदा क्लोराइडचा जाड राखाडी थरही असतो, तो घासून काढायच्या भानगडीत पडू नका. ब्रिटिश नाण्यांत १९२०च्या आधी ९२.५ टक्के चांदी होती, १९२० ते १९४६मध्ये ५० टक्के, त्यानंतरच्या चालू नाण्यांत नाही. मधल्या काळातली नाणी सगळ्यात वाईट अवस्थेत निघतात, त्यांना सुंदर करायचा हट्ट धरू नये.

ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा उपाय मी फक्त आजकालच्या साध्या अंगठ्यांना करतो. अंगठी फॉइलला टेकलेली हवी. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडा. मोती, ओपल किंवा चिकटवलेला खडा असेल तर हे नको. मग आजीचं रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. जुन्या नाण्याला यातलं काहीच नको, संग्राहकाला तो काळेपणा हवा असतो.

वस्तू पूर्ण वाळली की ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात. रबरबँड, लोकर आणि पीव्हीसीची पाकिटं चांदीजवळ नकोत. पाकिटावर तारीख, जागा आणि किती खोल सापडलं ते पेन्सिलीने लिहा. माझ्या शिलिंगच्या पाकिटावर आणखी एक शब्द आहे: घासलेलं.