एक मूल स्वमग्न, दुसऱ्याचा विचार: तपासणीआधी वंशावळ काढा

रक्त तपासून 'पुढचं मूल स्वमग्न होईल' असं छातीठोकपणे सांगणारी एकही चाचणी नाही. काही घरांत मात्र नेमकं कारण सापडतं, आणि त्याचा माग बहुतेकदा आधी वंशावळीतच लागतो.

मोठ्या कागदावर तीन पिढ्या काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. सासरकडचे लिहून कागद मिटू नका, खरी गोष्ट बऱ्याचदा माहेरी असते. मामा मंदबुद्धी म्हणून घरीच राहिलेला, आईच्या वडिलांचे पन्नाशीनंतर हात थरथरायचे, चालताना तोल जायचा, मावशीची पाळी चाळिशीच्या आतच गेली: या खुणा फ्रॅजाइल एक्सकडे (एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातला, पिढ्यांतून उतरणारा दोष) बोट दाखवतात. शेवटची खूण आपल्याकडे हमखास निसटते. बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची पिशवी तरुणपणीच काढलेली असते. म्हणून मावशीला 'पाळी कधी गेली?' एवढंच विचारू नका. आपोआप गेली की पिशवी काढल्यावर, आणि त्याआधी महिन्याच्या महिन्याला येत होती का, हेही विचारा. मामाची मुलगी केली असेल तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ ओढा. फिट, वारंवार गर्भपात, फार मोठं डोकं, अंगावर पानाच्या आकाराचे पांढरट डाग, सगळं नोंदवा.

आधी तपासायचं ते स्वमग्न मुलाला. मायक्रोअॅरे (गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त झालेत का ते पाहणारी) आणि फ्रॅजाइल एक्स या दोन चाचण्या वेगळ्या आहेत. मायक्रोअॅरे नॉर्मल आली म्हणून फ्रॅजाइल एक्स नाही असं होत नाही. तिथे जनुकातली 'सीजीजी' ही तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा आली, म्हणजे त्यांची आवर्तनं, मोजावी लागतात. 55 ते 200 म्हणजे वाहक, 200 च्या वर पूर्ण दोष. आईकडून मुलाकडे जाताना हा आकडा वाढू शकतो. यात आईची चूक काहीच नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर डॉक्टरांकडूनच वदवून घ्या.

रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. घेतल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायला सांगा. गाठ झाली की नमुना परत येतो आणि लेकराला पुन्हा सुई टोचावी लागते.

रिपोर्टवर 'व्हीयूएस' असेल तर जनुकात बदल दिसलाय, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावरून गर्भाचा निर्णय घेऊ नका, आई-वडिलांचे नमुने तपासून जनुकतज्ज्ञांना विचारा.

काहीच सापडलं नाही, तरी धाकट्या भावंडात शक्यता साधारण 100 पैकी 20 असते. म्हणून 16 ते 30 महिन्यांच्या दरम्यान एम-चॅट-आर या स्वमग्नतेच्या प्राथमिक चाचणीचे 20 प्रश्न भरून घ्या. 'बापही उशिराच बोलला होता' म्हणत थांबू नका. शंका आली त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा.