कोळसा खाणीवर लूपची चाचणी घ्यायला निघताना

खाली तारेच्या लूपमधून ट्रान्समीटरने सिग्नल सोडायचा आणि वर जमिनीवर रिसीव्हरने अडकलेल्या माणसाची जागा शोधायची, ही ती चाचणी. टेप, खुंट्या, पाणी, टोपी, हे सांगायला नको. सेल्फ-रेस्क्यूअर (विषारी हवेत श्वास घेता यावा म्हणून जवळ बाळगायचं उपकरण) घेतल्याशिवाय खाणवाले उतरूच देत नाहीत. खाली न्यायचा ट्रान्समीटर ठिणगी न पडणारा, डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) मान्यता असलेलाच हवा. मिथेनपुढे 'चालतंय हो' चालत नाही.

आता मुद्द्याचं. ट्रान्समीटर सुरू व्हायच्या आधी वर रिसीव्हर लावून नुसतं ऐका. दहा मिनिटं. मी ऐकलं नव्हतं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने अडकलेले कामगार शोधण्याच्या चाचण्यांत ६३०, १०५०, १९५० आणि ३०३० हर्ट्झ वापरले होते. त्यातला १०५० मी डोळे मिटून उचलला. विजेच्या तारांची गुणगुण विजेच्या फ्रीक्वेन्सीच्या पटीत ऐकू येते. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणून १०५० हा १०२० आणि १०८० च्या बरोबर मधे, शांत जागी पडतो. आपली वीज ५० ची. पन्नास एकवीसं किती? चंद्रपूरकडच्या त्या खाणीवर मी सकाळभर ज्या 'सिग्नल'मागे हिंडलो, तो डोक्यावरच्या तारांचा होता. खरा अपघात असता तर तिथेच बोअर मारायला घेतली असती. राणीगंजच्या महावीर खाणीतून १९८९ मध्ये ६५ जण बोअरमधूनच वर आले, एवढं आठवा आणि आधी ऐका. १०२५ घ्या, तरीही ऐका.

फ्रीक्वेन्सी वाढवायचा मोह नको. १०० ओम-मीटरच्या खडकात १००० हर्ट्झचा सिग्नल साधारण १६० मीटरवर ३७ टक्के उरतो. एक लाख हर्ट्झचा १६ मीटरवरच तेवढा होतो.

खालची तार पिलरभोवती (छताला आधार म्हणून सोडलेल्या कोळशाच्या खांबाभोवती) आडवी फिरवा, रुळांपासून लांब. रूळ आणि केबल सिग्नल भलतीकडे ओढून नेतात. वर रिसीव्हरचा लूप उभा धरून चाला. आवाज जिथे बुडतो, तिथे बरोबर खाली माणूस. सगळ्यात मोठा आवाज शोधत बसू नका, नवखे हमखास तेच करतात.

घड्याळं जुळवा: दहा मिनिटं चालू, पाच बंद. बंदच्या पाचात काय करायचं? ऐकायचं. मधेच एखादा पंप सुरू झाला की सगळं बदलतं.

जास्तीच्या बॅटऱ्या. खुंटीला रंग. खाणीच्या नकाशाचं ग्रिड जीपीएसशी जुळवून घ्या. खालचा माणूस वर आला का, टोकन बघा. सामान गुंडाळण्याआधी सगळं बंद करून पुन्हा एकदा कान लावा.