मे महिन्याचं पाणी जुलैत नको: घरातल्या कुंड्या कशा सांभाळाव्यात

फ्लॅटमधली रोपं उन्हाळा सहसा निभावून नेतात आणि पावसाळ्यात दगावतात. मे महिन्यात दोन दिवसांत कोरडी होणारी कुंडी जुलैत आठवडाभर ओलीच राहते, पण रोज सकाळी पाणी घालायची आपली सवय मात्र तशीच चालू असते. बाहेर ढग, हवा दमट, खिडक्या बंद. मातीतलं पाणी जाणार कुठून? रोपाला पाणी किती आणि कधी लागेल हे उजेडावर आणि हवेवर ठरतं. म्हणून देखभालीची सुरुवात झारीपासून करू नका, खिडकीपासून करा.

आधी उजेड पाहा

घरातला उजेड आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. आपले डोळे कमी उजेडाला सरावतात, त्यामुळे खोलीचा आतला कोपराही आपल्याला उजळ वाटतो. दुपारी बाराच्या सुमाराला, जिथे कुंडी ठेवायची आहे तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट आहे पण हाताचा आकार कळतोय, तर मध्यम. सावलीच पडत नसेल, तर तिथे चिवट रोपसुद्धा नुसतं दिवस काढेल, वाढणार नाही.

पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, कारण सकाळचं कोवळं ऊन बहुतेक रोपांना मानवतं. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये पानं करपतात. तिथे पातळ पडदा लावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत घ्या. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं, जूनमध्ये जवळजवळ येतच नाही. त्यामुळे कुंडीची जागा वर्षातून दोनदा तरी बदलावी लागली, तर ती बदलाच.

तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब यांना रोज काही तास थेट ऊन लागतं. त्यांची जागा गॅलरीत किंवा अंगणात. देवघराजवळ छान दिसते म्हणून तुळस हॉलमध्ये आणली की ती महिन्याभरात झडायला लागते.

रोप निवडताना त्याचं मूळ गाव लक्षात घ्या

घरात जगणारी बरीचशी रोपं मुळात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी आहेत, म्हणूनच त्यांना आपल्या खोल्या सोसतात. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. तिथे तो झाडांवर चढतो. आपल्याकडेही एखाद्या जुन्या नारळावर चढलेल्या मनी प्लांटची पानं सुपाएवढी झालेली दिसतात. झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेतला. त्याच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि त्यांत तो पाणी साठवतो. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, तो जाड पानांत पाणी धरून ठेवतो. या दोघांना विसरभोळा माणूस चालतो, पण अतिकाळजी करणारा चालत नाही. पीस लिली अमेरिकेतल्या दमट जंगलांमधली. ती तहानली की पानं खाली सोडून स्पष्ट सांगते आणि वेळेवर पाणी दिलं तर काही तासांत पुन्हा उभी राहते. नवशिक्यांनी ती जरूर आणावी, कारण तहान कशी दिसते हे तिच्याइतकं उघड कुणी दाखवत नाही.

‘हवा शुद्ध करणारं रोप’ म्हणून जास्त पैसे मात्र देऊ नका. 1989 मधला नासाचा प्रसिद्ध अभ्यास छोट्या, बंद पेट्यांमध्ये झाला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की उघड्या खिडक्यांइतकी हवा स्वच्छ करायची तर दर चौरस मीटरला किमान दहा रोपं लागतील. रोप हिरवं आहे, डोळ्यांना बरं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे.

घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर मनी प्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली, झेडझेड ही रोपं हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. स्पायडर प्लांट आणि अरेका पाम यांची अशी भीती नाही.

पाणी: आधी काडी, मग झारी

खराट्याची एक कोरडी काडी घ्या. ती कुंडीच्या कडेजवळून तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडीवर ओलसर माती चिकटली असेल किंवा काडीचा रंग गडद झाला असेल, तर आज पाणी नाही. मनी प्लांट, अरेका, सिंगोनियम यांच्यासाठी वरची दोन पेरं माती कोरडी झाली की पाणी द्या. तिथे बोट घालून पाहिलं तरी पुरतं. स्नेक प्लांट आणि झेडझेडसाठी मात्र काडी तळापर्यंत कोरडी यायला हवी. पावसाळ्यात मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत त्यांना तीन-चार आठवडे पाणी लागत नाही. सरावाने कुंडी नुसती उचलली तरी वजनावरून कळायला लागतं.

पाणी द्यायचं ठरलं की पोटभर द्या. तळाच्या भोकातून वाहेपर्यंत, कुंडीच्या सगळ्या बाजूंनी, सावकाश. अर्ध्या तासाने ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. रोज अर्धा पेला पाणी देण्याने वरची माती कायम ओली राहते, चिलटं होतात आणि खालची मुळं तहानलेलीच राहतात.

पाणी दिलं आणि क्षणात ताटलीत आलं, तर खूश होऊ नका. कुंडीच्या मिश्रणातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळलं की आकसतं, पाणी शोषत नाही आणि पाणी कडेने निसटून जातं. अशी कुंडी अर्ध्या बादली पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग नीट निथळू द्या.

सगळ्यात जास्त रोपं ज्यामुळे जातात ती चूक ओळखायला शिका. मुळांना हवाही लागते. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा संपते, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पानं लोंबतात. आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी ओततो. पानं लोंबली आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. पानं लोंबली पण माती ओली असेल तर झारी ठेवून द्या, रोप बाहेर काढा, काळी आणि बुळबुळीत मुळं कात्रीने कापा, आणि उरलेलं रोप ताज्या, कोरडसर मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडून गळलं तर काळजी नको, ते होतच असतं.

प्रदेशाप्रमाणे यात फरक पडतो. विदर्भात उन्हाळ्यात कूलर चालतो, त्या खोलीत हवा ओलसर राहते. एसीच्या खोलीत ती कोरडी होते आणि पानांची टोकं तपकिरी पडतात. थेट झोतात मात्र दोन्हीकडे रोप ठेवू नका. पुणे-नाशिकच्या थंडीत वाढ मंदावते, म्हणून तेव्हाही पाणी कमी. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर धरतो. तो खरवडून टाका आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून वापरा. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात, ते रोजच्या रोज कुंडीत नको.

बाटलीत मनी प्लांट ठेवला असेल तर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळाच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. बाटली आणि ताटल्या नुसत्या रिकाम्या करून भागत नाही, आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

माती आणि कुंडी

नर्सरीतून आणलेलं रोप पहिले दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात दिसते आणि रोपही नव्या उजेडाला सरावतं. मग काळी पिशवी कापा. आत बहुतेक वेळा घट्ट, चिकट लाल माती असते. कडेची हलक्या हाताने मोकळी करा, सगळी धुऊन काढू नका.

मिश्रण असं करा: दोन वाट्या पोयटा माती, दोन वाट्या भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक वाटी गांडूळखत, एक वाटी जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके, पांढरे खडे). स्नेक प्लांट, झेडझेडसाठी वाळू दुप्पट. किनाऱ्यावरची वाळू आणू नका, तिच्यात मीठ असतं. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंच मोठी असली की झालं. फार मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहून मुळं कुजवते. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवा म्हणजे माती वाहणार नाही. तळाला खडीचा जाड थर द्यायची गरज नाही. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोक नसलेल्या सिरॅमिकच्या कुंडीत रोप थेट लावू नका, आतली प्लास्टिकची कुंडी तशीच ठेवा.

खत म्हणजे दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत. डिसेंबर-जानेवारीत थांबा, आणि आजारी रोपाला तर देऊच नका.

कीड

पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा सॅनिटायझर किंवा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. मग लिटरभर पाण्यात एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि काही थेंब भांड्यांचं लिक्विड मिसळून, पानांच्या खालून, दर आठवड्याला, तीन-चार वेळा फवारा. संध्याकाळी फवारा, ऊन असताना नको. पानं ओल्या फडक्याने पुसत राहिलात तर धूळही जाते आणि कीड वेळेवर नजरेला पडते.

गावाला जाताना

आठ-दहा दिवसांसाठी जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या पोटभर भिजवा, खिडकीपासून मागे घ्या आणि एकमेकींना लागून ठेवा. पीस लिलीसारख्या तहानलेल्या रोपासाठी सुती दोरीचं एक टोक दोन इंच मातीत पुरा, दुसरं झाकण लावलेल्या पाण्याच्या डब्यात सोडा. डबा कुंडीच्या पातळीला किंवा जरा वर ठेवा. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढत नाही. स्नेक प्लांट आणि झेडझेडसाठी काहीच करू नका. परत आल्यावर कितीही घाई झाली तरी आधी काडी खोचून पाहा.